पहिला करंडक जिंकला. विजयाची परंपरा कशी घडणार?

विशेष विश्लेषण

नवी मुंबई, १० नोव्हेंबर २०२५ : नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गडी बाद झाला आणि भारतीय महिला क्रिकेट संघाने प्रथमच एकदिवसीय विश्वचषकावर आपले नाव कोरले. भारताच्या ७ बाद २९८ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांत आटोपला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी यांनी ५२ धावांचा विजय साकारला. लॉरा वोल्वार्टची १०१ धावांची झुंजार खेळी व्यर्थ ठरली.

या विजयानंतरच्या आठवड्यात त्याची तुलना सातत्याने १९८३ च्या विश्वविजयाशी होत आहे. भावनेच्या दृष्टीने ही तुलना समर्पक आहे. मात्र क्रिकेटच्या इतिहासाकडे बारकाईने पाहिल्यास या तुलनेत एक इशाराही दडलेला दिसतो. १९८३ नंतर भारताच्या पुरुष संघाला दुसरा एकदिवसीय विश्वचषक जिंकण्यासाठी तब्बल २८ वर्षे वाट पाहावी लागली होती. एक करंडक जिंकणे आणि करंडक जिंकण्याची परंपरा निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या पाच दशकांत पहिली गोष्ट अनेक देशांनी साधली. दुसरी मात्र फारच थोड्यांना जमली.

मोजक्यांचेच वर्चस्व

पुरुषांच्या वरिष्ठ गटातील एकदिवसीय विश्वचषक, टी-२० विश्वचषक, चॅम्पियन्स करंडक आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद या चार प्रमुख स्पर्धांचा विचार केल्यास १९७५ पासून आजवर ३४ विजेतेपदांचा निर्णय लागला आहे. त्यांपैकी ऑस्ट्रेलियाच्या नावावर १०, तर भारताच्या नावावर ७ विजेतेपदे आहेत. भारताच्या सातांपैकी एक, २००२ चा चॅम्पियन्स करंडक, श्रीलंकेसोबत विभागून मिळालेला आहे. वेस्ट इंडिजने ५, पाकिस्तान, इंग्लंड आणि श्रीलंका यांनी प्रत्येकी ३, तर न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी प्रत्येकी २ विजेतेपदे मिळवली. कसोटी दर्जा असलेल्या बारा देशांपैकी बांगलादेश, झिम्बाब्वे, आयर्लंड आणि अफगाणिस्तान यांची पाटी अद्याप कोरी आहे.

महिला क्रिकेटमधील चित्र याहून एकतर्फी आहे. महिलांचा पहिला विश्वचषक पुरुषांच्या स्पर्धेच्या दोन वर्षे आधी, १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तेव्हापासून एकदिवसीय आणि टी-२० मिळून २२ विश्वविजेतेपदे बहाल झाली. त्यांतील १३ ऑस्ट्रेलियाने, तर ५ इंग्लंडने जिंकली. उरलेल्या चारांपैकी दोन न्यूझीलंडकडे, एक वेस्ट इंडिजकडे आणि एक आता भारताकडे आहे. अर्थात, २२ पैकी १८ करंडक दोनच देशांत गेले. नवी मुंबईतील निकालाचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. एकदिवसीय विश्वचषकात ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्याखेरीज चौथा विजेता मिळण्यासाठी ५२ वर्षे जावी लागली.

हे वर्चस्व केवळ प्रतिभेच्या बळावर निर्माण झाले असते, तर प्रतिभावान पिढी निवृत्त होताच ते संपले असते. तसे का झाले नाही, याचे उत्तर दोन संघांच्या परस्परविरुद्ध प्रवासात सापडते.

वेस्ट इंडिज : आधार बाहेरचा

२१ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर क्लाइव्ह लॉइडच्या शतकाच्या जोरावर वेस्ट इंडिजने ऑस्ट्रेलियाला १७ धावांनी नमवून पहिला विश्वचषक जिंकला. चार वर्षांनी व्हिव्ह रिचर्ड्सच्या नाबाद १३८ धावांनी इंग्लंडचा ९२ धावांनी पराभव घडवला. १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत या संघाने एकही कसोटी मालिका गमावली नाही. सांघिक खेळांच्या इतिहासात अशी सत्ता क्वचितच आढळते.

मात्र त्या संघाच्या जडणघडणीचा मोठा भाग कॅरिबियन बेटांबाहेर होत होता. लॉइड लँकेशायरकडून, रिचर्ड्स आणि जोएल गार्नर सॉमरसेटकडून, तर गॉर्डन ग्रिनिज आणि माल्कम मार्शल हॅम्पशायरकडून खेळत. इंग्लिश कौंटी क्रिकेटमधील वर्षानुवर्षांच्या व्यावसायिक सरावाने हे खेळाडू तावून सुलाखून निघाले. स्वतःच्या भूमीवर तसे मजबूत देशांतर्गत क्रिकेट मात्र उभे राहिले नाही. अनेक स्वतंत्र राष्ट्रांनी मिळून चालवलेल्या मंडळाकडे पैसा मर्यादित होता आणि खेळाडूंशी मानधनावरून होणारे वाद कायमचे झाले. २०१४ मध्ये अशाच वादातून संघाने भारत दौरा अर्धवट सोडला.

टी-२० च्या उदयानंतर जगभरातील व्यावसायिक लीग स्पर्धांनी कॅरिबियन खेळाडूंना पुन्हा एकदा बाहेरचा आधार दिला. २०१२ आणि २०१६ चे टी-२० विश्वचषक त्याचेच फलित म्हणता येईल. ३ एप्रिल २०१६ रोजी कोलकात्यात कार्लोस ब्रेथवेटने अखेरच्या षटकात सलग चार षटकार ठोकून इंग्लंडच्या हातातला सामना हिरावला. त्याच दिवशी, त्याच मैदानावर वेस्ट इंडिजच्या महिला संघानेही टी-२० विश्वचषक जिंकला होता. तथापि सात वर्षांनी, २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकासाठी पहिले दोन विश्वचषक जिंकणारा हा देश पात्रही ठरू शकला नाही. हरारे येथील पात्रता स्पर्धेत स्कॉटलंडकडून झालेल्या पराभवाने त्याचे दार बंद झाले.

ऑस्ट्रेलिया : पराभवातून उभी राहिलेली व्यवस्था

ऑस्ट्रेलियाचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हा संघ दुबळा मानला जात होता. १९८५ आणि १९८६-८७ अशा लागोपाठच्या दोन ॲशेस मालिका त्याने गमावल्या होत्या. कर्णधार ॲलन बॉर्डर आणि प्रशिक्षक बॉब सिम्पसन यांनी क्षेत्ररक्षण, तंदुरुस्ती आणि शिस्त या मूलभूत गोष्टींपासून सुरुवात केली. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी ईडन गार्डन्सवर इंग्लंडला ७ धावांनी हरवून ऑस्ट्रेलियाने आपला पहिला विश्वचषक जिंकला.

या विजयाइतकीच महत्त्वाची घटना त्याच वर्षी ॲडलेडमध्ये घडली. तेथे राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली. शेन वॉर्न, ग्लेन मॅकग्रा, ॲडम गिलख्रिस्ट, रिकी पाँटिंग असे पुढील दीड दशक गाजवणारे खेळाडू तेथून घडले. सहाच राज्य संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या शेफील्ड शील्ड स्पर्धेतील चुरशीने त्यांना धार आणली. १९९९, २००३ आणि २००७ असे सलग तीन विश्वचषक हे त्याचे फळ होते. वॉर्न-मॅकग्राची पिढी गेल्यानंतरही २०१५ आणि २०२३ मध्ये करंडक आलेच. २०२३ मध्ये पहिले दोन सामने गमावूनही हा संघ सलग नऊ सामने जिंकत गेला आणि अहमदाबादेत, तोवर अपराजित असलेल्या भारताला त्याने सहा गडी राखून हरवले.

महिला क्रिकेटमध्येही हेच घडले. २० जुलै २०१७ रोजी डर्बी येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरच्या नाबाद १७१ धावांनी ऑस्ट्रेलियाला स्पर्धेबाहेर काढले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने खेळाडूंशी केलेल्या करारात पुरुष आणि महिला खेळाडूंचा प्रथमच एकत्र समावेश झाला आणि महिलांच्या मानधनात भरीव वाढ झाली. १९९० च्या दशकापासून चाललेली राष्ट्रीय महिला लीग आणि २०१५ मध्ये सुरू झालेली महिला बिग बॅश यांचा पाया आधीच तयार होता. पुढील सहा वर्षांत ऑस्ट्रेलियन महिलांनी २०१८, २०२० आणि २०२३ चे टी-२० तसेच २०२२ चा एकदिवसीय, असे चार विश्वचषक जिंकले. पराभवाचे खापर व्यक्तींवर न फोडता व्यवस्थेतील उणीव शोधण्याची ही सवयच तेथील परंपरेचा गाभा आहे.

१९८३ नंतर भारतात काय घडले

२५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने १८३ धावांचा बचाव करत वेस्ट इंडिजला १४० धावांत गुंडाळले. या विजयाने क्रिकेटचे भूगोलच बदलले. १९८७ चा विश्वचषक प्रथमच इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात झाला. पुढे दूरचित्रवाणीच्या प्रसारण हक्कांमुळे भारतीय मंडळाच्या तिजोरीत पैसा आला. लोकप्रियता आणि उत्पन्न या दोन्ही बाबतींत भारत आघाडीवर गेला.

मैदानावरील निकालांनी मात्र त्या वेगाने साथ दिली नाही. १९८७ आणि १९९६ मध्ये मायदेशात उपांत्य फेरीतच आव्हान संपले. २००३ मध्ये अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली, तर २००७ मध्ये पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला. लोकप्रियतेचे रूपांतर यशात होण्यासाठी मधल्या साखळीची गरज होती. बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी २००० मध्ये सुरू झाली. मोठ्या शहरांच्या पलीकडील खेळाडूंसाठी राष्ट्रीय संघाची दारे खुली झाली. रांचीच्या महेंद्रसिंह धोनीच्या नेतृत्वाखाली २००७ मध्ये टी-२० चा आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर एकदिवसीय विश्वचषक भारताने जिंकला. २०१३ मध्ये चॅम्पियन्स करंडकाची त्यात भर पडली.

त्यानंतरचा अकरा वर्षांचा दुष्काळ आणखी एक धडा देणारा ठरला. या काळात पैसा होता, खेळाडूंची फळी होती, आयपीएलसारखी स्पर्धाही होती. तरीही २०१४ चा टी-२०, २०१७ चा चॅम्पियन्स करंडक, २०२१ आणि २०२३ ची कसोटी अजिंक्यपदे आणि २०२३ चा एकदिवसीय विश्वचषक अशा पाच अंतिम लढती भारताने गमावल्या. अखेर २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये कोंडी फुटली. तेथेही दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ३० चेंडूंत ३० धावाच हव्या होत्या. भारत सात धावांनी जिंकला. मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडकही भारताकडे आला.

बाद फेरीतील एखाद्या झेलाने किंवा षटकाने इतिहास बदलू शकतो, हे बार्बाडोसने दाखवले. मजबूत व्यवस्था विजयाची हमी देत नाही. ती संघाला पुन्हा पुन्हा अंतिम फेरीपर्यंत नेते आणि नशिबाला कौल देण्याची संधी अधिक वेळा मिळते. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर बरोबरीनंतर चौकारांच्या संख्येवर विश्वचषक गमावलेल्या न्यूझीलंडने दोनच वर्षांत साउदम्प्टन येथे पहिले कसोटी अजिंक्यपद मिळवले, ते याच सातत्यामुळे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण

या चर्चेत दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख अपरिहार्य आहे. १९९८ मध्ये ढाक्यात चॅम्पियन्स करंडकाची पहिली स्पर्धा जिंकल्यानंतर या देशाच्या पुरुष संघाला २७ वर्षे एकही मोठा करंडक मिळाला नाही. १९९९ च्या उपांत्य फेरीतील बरोबरी, २००३ मध्ये डर्बनच्या पावसातील हिशेबाची चूक, २०१५ मधील ऑकलंडचा पराभव अशा आठवणींचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले गेले. १४ जून २०२५ रोजी लॉर्ड्सवर एडन मार्करमच्या १३६ धावा आणि कर्णधार टेंबा बावुमाच्या जिद्दीच्या खेळीने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २८२ धावांचे लक्ष्य गाठले गेले, तेव्हा हे ओझे उतरले.

मात्र याच स्पर्धाचक्रात, २०२४ च्या प्रारंभी, दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने न्यूझीलंडमधील कसोटी मालिकेसाठी दुय्यम संघ पाठवला होता. कारण प्रमुख खेळाडू देशातील टी-२० लीगमध्ये गुंतलेले होते. कसोटीतील जगज्जेत्या देशाला आपल्याच उत्तम खेळाडूंना कसोटी खेळवणे परवडू नये, ही आजच्या क्रिकेटच्या अर्थकारणाची विसंगती आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसी) २०२४ ते २०२७ या काळातील उत्पन्नवाटपात प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार सुमारे ३८.५ टक्के वाटा एकट्या भारतीय मंडळाकडे जातो, तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचा वाटा प्रत्येकी सात टक्क्यांहून कमी आहे. उत्पन्नाचा मोठा भाग भारतीय बाजारपेठेतून येतो, हे खरे. तथापि प्रतिस्पर्धीच दुबळे होत गेल्यास विजेतेपदाची किंमतही घटते, ही बाब भारतीय मंडळाला दीर्घकाळ दुर्लक्षिता येणार नाही. नवी मुंबईत पराभूत झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या महिला संघाचा २०२३ आणि २०२४ च्या टी-२० विश्वचषकांनंतर हा सलग तिसरा अंतिम पराभव होता. अशा संघाला उभे ठेवणे हे साऱ्या क्रिकेटविश्वाच्या हिताचे आहे.

नवी मुंबईपर्यंतची वाट

भारतीय महिला संघाचे ताजे यश अचानक आलेले नाही. देशात महिला क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये आकाराला आली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९७८ मध्ये भारताने प्रथमच विश्वचषकात भाग घेतला, तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते. शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांच्या पिढीने अपुऱ्या साधनांनिशी हा खेळ जिवंत ठेवला. २००६ मध्ये महिला क्रिकेटचा कारभार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे (बीसीसीआय) आला, त्याच्या एक वर्ष आधी मिताली राजच्या नेतृत्वाखालील संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता.

२०१७ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध २२९ धावांचा पाठलाग करताना भारत ३ बाद १९१ अशा सुस्थितीत होता. शेवटचे सात गडी २८ धावांत बाद झाले आणि नऊ धावांनी विश्वचषक हुकला. २०२० मध्ये मेलबर्न येथील टी-२० अंतिम सामन्यात ८५ धावांनी पराभव झाला. गुणवत्ता होती, दडपणाखाली खेळण्याचा नियमित सराव नव्हता.

ही उणीव भरून काढणारे निर्णय गेल्या तीन वर्षांत झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंना समान सामना मानधन जाहीर झाले. जानेवारी २०२३ मध्ये १९ वर्षांखालील मुलींच्या पहिल्या टी-२० विश्वचषकात भारत विजयी ठरला. शफाली वर्मा त्या संघाची कर्णधार होती आणि रिचा घोषही त्यात होती. २०२५ मध्ये मुलींनी हे विजेतेपद राखले. मार्च २०२३ पासून सुरू झालेल्या महिला प्रीमियर लीगने परदेशी खेळाडूंसोबत आणि भरलेल्या मैदानात खेळण्याची सवय लावली.

त्याचा परिणाम यंदा दिसला. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून सलग तीन पराभव पत्करूनही संघ कोलमडला नाही. उपांत्य सामन्यात गतविजेत्या ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढल्या आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग भारताच्या नावावर लागला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना स्पर्धेतील सर्वाधिक धावांच्या यादीत दुसरी राहिली. सलामीवीर प्रतिका रावल जायबंदी झाल्यावर ऐन बाद फेरीत बोलावलेली शफाली अंतिम सामन्याची मानकरी ठरली. राखीव फळीतून असा खेळाडू मिळणे हे व्यवस्था रुजत असल्याचे लक्षण आहे. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा आहेत, परंतु त्यांना भारताकडून खेळण्याची संधी कधीच मिळाली नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये किती ज्ञान साठलेले असते, हे त्यांच्या नियुक्तीने सिद्ध केले.

पुढील कसोटी

आता खरी परीक्षा निर्णयकर्त्यांची आहे. बीसीसीआयने विजेत्या संघाला ५१ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. आयसीसीनेही या स्पर्धेतील विजेत्यांना ४४ लाख ८० हजार डॉलर दिले. २०२३ मध्ये पुरुषांच्या विजेत्या संघाला ४० लाख डॉलर मिळाले होते. ही रक्कम मोठी आणि न्याय्य आहे; मात्र तिचा लाभ प्रामुख्याने पहिल्या फळीतील खेळाडूंना होईल. परंपरा घडते ती त्याखालच्या फळीत.

त्या दृष्टीने तीन बाबी निर्णायक ठरतील. पहिली, राज्य संघांकडून खेळणाऱ्या महिलांचे उत्पन्न. राष्ट्रीय संघ आणि प्रीमियर लीग यांच्या बाहेर राहिलेल्या खेळाडूला नोकरीवाचून पूर्णवेळ सराव करता आला, तरच स्पर्धा वाढेल. महिला प्रीमियर लीगमध्ये आजमितीस पाचच संघ आहेत, त्यामुळे तेथील जागाही मर्यादित आहेत. दुसरी, अनेक दिवसांचे सामने. २०२४ मध्ये पुण्यात महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा पुन्हा खेळवण्यात आली. तिला वेळापत्रकात कायमचे स्थान मिळणे आवश्यक आहे, कारण संयम आणि तंत्र तेथेच घडते. तिसरी, शाळा आणि तालुका पातळी. सराव करण्याजोगे मैदान, मुलींसाठी स्वच्छतागृह, सायंकाळी सुरक्षित प्रवासाची सोय आणि महिला प्रशिक्षक या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर बारा-तेरा वर्षांची मुलगी खेळत राहणार की नाही, हे ठरते.

श्रीलंकेचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. १९९६ मध्ये लाहोरला ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वविजेता झालेला हा छोटा देश शालेय क्रिकेटच्या भक्कम पायावर उभा होता. त्यामुळेच २००७ ते २०१४ या काळात त्याने पाच विश्वचषकांच्या अंतिम फेऱ्या गाठल्या आणि २०१४ मध्ये टी-२० चे जगज्जेतेपद मिळवले. पुढे प्रशासनातील गोंधळ वाढला, संगकारा-जयवर्धने यांची पिढी निवृत्त झाली आणि २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकासाठी हा संघ पात्रही ठरला नाही. मिळवलेली परंपरा जपली नाही तर दशकभरात विरते, हे त्यातून दिसते.

महिलांचा टी-२० विश्वचषक जून २०२६ मध्ये इंग्लंडमध्ये होत आहे. २०२९ चा एकदिवसीय विश्वचषक आठऐवजी दहा संघांचा करण्याचा निर्णय आयसीसीने नुकताच जाहीर केला आहे. म्हणजे प्रतिस्पर्धी वाढतील आणि ऑस्ट्रेलिया आपल्या सवयीप्रमाणे या पराभवाची कारणे शोधण्यास आतापासूनच लागेल. भारताला पुढील करंडक कधी मिळेल, हे सांगता येणार नाही. परंतु तो २८ वर्षांनी मिळेल की त्याआधी, याचे उत्तर येत्या दोन-तीन हंगामांत राज्य संघटनांच्या ताळेबंदात आणि गावोगावच्या मैदानांवर लिहिले जाणार आहे.